हात वर नेताना लागणारी धाप

सीओपीडीसारखा दीर्घकालीन फुप्फुसविकार असलेल्या व्यक्तीला त्रासाविषयी विचारले, तर ती बहुतेक वेळा जिन्याविषयी किंवा चढाच्या रस्त्याविषयी बोलते. थोडे खोदून विचारल्यावर मात्र आणखी एक तक्रार बाहेर येते. केस विंचरताना धाप लागते, सदरा डोक्यावरून काढताना मध्येच थांबावे लागते, वरच्या फळीवरचा डबा काढला की लगेच खुर्ची गाठावी लागते. चालताना दम लागला तर तो आजाराचा भाग म्हणून मान्य होतो, पण जागच्या जागी उभे राहून नुसते हात हलवल्याने दम लागावा, हे स्वतःलाच पटत नसल्यामुळे अनेकजण ते सांगत नाहीत. श्वसनविकारांच्या रुग्णांना व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून मी हा प्रश्न आता प्रत्येकाला आवर्जून विचारते, कारण या धापेला ठोस कारण आहे आणि तिच्यावर व्यायामाचा उपयोगही होतो.

शांतपणे श्वास घेताना निरोगी माणसाच्या शरीरात बरेचसे काम छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा स्नायू करतो. सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात आणि उच्छ्वासाच्या वेळी लवकर मिटतात, त्यामुळे आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. अशी हवा साचून फुप्फुसे फुगलेलीच राहतात, श्वासपटल खाली दाबले जाऊन सपाट होते आणि त्याची ताकद घटते. मग मानेचे, खांद्यांचे आणि छातीच्या वरच्या भागाचे स्नायू बरगड्या उचलण्यासाठी मदतीला येतात. हेच स्नायू हात वर उचलून धरण्यासाठीही लागतात. आधार नसलेला हात खांद्याच्या वर गेला की त्यांना दोन कामांपैकी हाताचे काम पत्करावे लागते आणि श्वासाचा भार पुन्हा त्या दुबळ्या श्वासपटलावर येऊन पडतो. १९८६ साली बार्टोलोमे सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवून दिले की आधाराविना हातांचा व्यायाम करताना अशा काही रुग्णांच्या छातीची आणि पोटाची हालचाल परस्परांशी विसंगत होते, पायांच्या व्यायामात मात्र तसे होत नाही.

टेबलावर कोपरे टेकून पुढे वाकून बसले की दम लवकर का ओसरतो, याचे उत्तरही इथेच आहे. हात स्थिर झाले की तेच स्नायू पुन्हा बरगड्या उचलायला मोकळे होतात. दाढी करताना किंवा केस विंचरताना कोपर टेकवण्याची सोय करून घेण्यात काहीही कमीपणा नाही. पण सगळीच कामे टाळत गेल्यास हातांचे स्नायू आणखी क्षीण होतात आणि आज जड वाटणारे काम काही महिन्यांनी अशक्य होऊन बसते. रोज नेमाने चालणाऱ्यांना वाटते की आपला व्यायाम पुरेसा होतो; चालणे अत्यावश्यक आहेच, परंतु ज्या स्नायूंना सराव मिळतो तेच सुधारतात, त्यामुळे चालण्याने हातांची ताकद वाढत नाही.

हातांच्या व्यायामाआधी ओठांचा चंबू करून श्वास सोडणे नीट जमायला हवे. खांदे सैल सोडून नाकाने साधारण दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि मेणबत्तीची ज्योत न विझवता फक्त हलवायची असावी तितक्या हलक्या फुंकरीने, चार अंक मोजेपर्यंत तो सोडावा. ओठ मिटत आणल्याने श्वासनलिकांमध्ये थोडा दाब टिकून राहतो, त्या लगेच मिटत नाहीत आणि साचलेल्या हवेला बाहेर पडायला अवधी मिळतो. आकडे जसेच्या तसे जमले नाहीत तरी चालेल, सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जास्त असला म्हणजे झाले. पोट आवळून जोराने हवा बाहेर ढकलण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण त्या जोरामुळे श्वासनलिका उलट अधिक दाबल्या जातात.

पोटाने श्वास घेण्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. दम लागण्याचा कोणताही त्रास असो, पोटावर हात ठेवून पोट फुगवत श्वास घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्यांची फुप्फुसे फार फुगलेली आहेत, त्यांचे सपाट झालेले श्वासपटल आणखी खाली जाऊच शकत नाही. अशांपैकी काहींना या पद्धतीने दम अधिक लागतो. ज्यांना तिने बरे वाटते त्यांनी ती जरूर करावी, पण ती सगळ्यांना सक्तीने शिकवू नये, असे मला ठामपणे वाटते.

हातांची सुरुवात पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसून, वजनाशिवाय करावी. नाकाने श्वास घ्यावा, मग चंबूतून सोडत सोडत दोन्ही हात समोरून खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावेत आणि खाली आणताना पुन्हा श्वास घ्यावा. हात वर नेताना श्वास आत घ्यायचा, अशी सवय इतर अनेक व्यायामप्रकारांमुळे पडलेली असते. इथे मात्र जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा असतो, कारण जोर लावताना श्वास रोखून धरण्याकडे प्रत्येकाचा कल असतो आणि नेमके तेच घातक ठरते. हा मेळ बसायला वेळ लागतो, पण तो बसेपर्यंत वजन हातात घेऊ नये. पुढे हात बाजूने उचलणे, कोपरातून वाकवणे आणि शेवटी डोक्याच्या वर नेणे, असा क्रम ठेवावा. अर्धा लिटर पाण्याने भरलेली बाटली साधारण अर्ध्या किलोची असते आणि सुरुवातीला तेवढे वजन पुष्कळ होते. प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा करावी, श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबावे आणि जमल्यास दुसरी फेरी करावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये किमान एका दिवसाची सुटी ठेवून हे करावे. बारा वेळा सहज होऊ लागल्यावरच वजन थोडे वाढवावे.

थोडा दम लागणे अपेक्षितच आहे. शून्य म्हणजे अजिबात दम नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा बोर्ग मापनश्रेणीवर तीन-चारच्या आसपास राहावे. या पातळीवर छोटी वाक्ये बोलता येतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असेल तर आकडा ८८ टक्क्यांच्या खाली जाताच थांबावे आणि तसे वारंवार होत असल्यास डॉक्टरांना सांगावे. बोटे गार असली किंवा नखांना रंग असला तर आकडा चुकू शकतो. ज्यांना ऑक्सिजन लावायला सांगितले आहे त्यांनी व्यायामासाठी तो काढून ठेवू नये आणि लगेच आराम देणारा पंप व्यायामाआधी घ्यावा का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा धडधड वाढणे यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी थांबावे. दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात, म्हणून त्यांनी वजनाचा निर्णय स्वतः घेऊ नये.

हे वर्णन मुख्यतः सीओपीडीला लागू पडते. फुप्फुसे कडक होत जाणाऱ्या आजारांत हवा साचण्याचा प्रश्न तसा नसतो, त्यामुळे चंबूच्या श्वासाचा फायदा तितकासा होत नाही आणि श्रमाने ऑक्सिजन झपाट्याने खाली येऊ शकतो. अशा रुग्णांच्या व्यायामाची सुरुवात देखरेखीखालीच व्हावी. ज्यांच्या छातीत सतत कफ साठतो त्यांनी तो आधी काढून मग व्यायामाला बसावे.

या व्यायामाने फुप्फुसांच्या चाचणीचे आकडे सुधारत नाहीत, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगते, कारण पुढच्या स्पायरोमेट्रीत तेच आकडे पाहून निराश झालेले लोक व्यायाम सोडून देतात. सुधारते ती हातांची ताकद आणि काम करण्याची क्षमता. ती मोजण्यासाठी खुंट्यांवरच्या कड्या सहा मिनिटांत एकीवरून दुसरीवर हलवण्याची एक चाचणी आहे. घरी मात्र सदरा न थांबता घालता येतो का, एवढे पाहिले तरी पुरते.

आजार अचानक बळावला, कफाचा रंग बदलला किंवा ताप आला, तर व्यायाम थांबवून आधी उपचार घ्यावेत. नंतर पूर्वीच्या वजनावर थेट परत न जाता पुन्हा रिकाम्या हातांनी सुरुवात करावी. रुग्णालयात राहावे लागले असेल, तर घरी परतल्यापासून चार आठवड्यांच्या आत श्वसन-पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू होणे हिताचे असते, म्हणून त्याची चौकशी घरी सोडण्याच्या दिवसाआधीच डॉक्टरांकडे करून ठेवावी.