बॉयलरची शिट्टी

नाशिकच्या अंबडला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, द्राक्षबागांचे अँगल हे रोजचं. थंडीत निफाडचा पारा 5-6 अंशांवर आला, की घर गरम करायची चौकशी सुरू होते.

गेल्या हिवाळ्यात चांदोरीजवळच्या एका बंगल्यात मी लाकडावरचा बॉयलर बसवला. घरमालक अण्णांना खरं तर आजींच्या खोलीपुरती ऊब हवी होती. तिथे धुराड्याची लोखंडी शेगडी पुरली असती. तिला ना पंप लागतो, ना वीज. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण नातू परदेशात राहून आलेला, त्याला खोलीखोलीत रेडिएटर हवे होते, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी पंपाने आतून फिरवून खोली तापवणारे.

बॉयलर म्हणजे बंद तोंडाचा बंब. आपल्या बंबात पाणी उकळलं तर वाफ वरून निघून जाते, इथे तिला वाट करून द्यावी लागते. म्हणून गच्चीवर उघडी टाकी आणि तिथपर्यंत मध्ये एकही कॉक नसलेला जाड पाइप घ्या म्हटलं. "टाकी समोरून दिसेल," घरचे म्हणाले. दाब वाढला की वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि इन्व्हर्टरवरचा पंप, एवढ्यावर मी राजी झालो. तिथेच चुकलो.

रात्री पावणेबाराला नातवाचा फोन. "दादा, बॉयलर शिट्टी मारतोय!"

लाइट गेली होती. लिहून देऊनही वायरमनने पंप साध्या लाइनवरच जोडलेला. हे लोक कागद वाचतच नाहीत. पण लाइट घालवून चाचणी मीही घेतली नव्हती. पंप थांबला, आत बाभळीचे ओंडके रसरसलेले. 120 लिटर पाणी 75 वरून 95 अंशांवर जायला दहाएक मिनिटं पुरतात, आणि लाकूड काही गॅससारखं बटणाने विझत नाही.

नातू बादली घेऊन उभा होता. मी फोनवर ओरडलो, "पाणी ओतू नकोस, तापलेला पत्रा तडकेल! हवेची झडप लाव, दार उघडू नको, सगळ्यांना अंगणात काढ!"

पोचलो तेव्हा शिट्टी थांबली होती. व्हॉल्व्हसमोरच्या भिंतीचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता. आणि आजी अंगणात बाजेवर, शाल गुंडाळून, कुडकुडत. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच गारठ्यात.

आता टाकी गच्चीवर आहे. आजींच्या खोलीत शेगडी बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. बॉयलरची चाचणी लाइट घालवून तीनदा घेतली, तिन्ही वेळा नीट. अण्णा विचारतात, "ठेवू का काढू?" त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.