पाण्याला वास येतो

दुपारी अडीचच्या सुमारास नळाखाली पेला धरला, तर पाणी पांढरं आलं. गढूळ नव्हे, पांढरं. चुना ढवळल्यासारखं. मी पेला घेऊन खिडकीशी गेले आणि उजेडात धरून बघत उभी राहिले. पांढरेपणा तळापासून वर सरकत गेला. आधी बुडाशी बोटभर पाणी स्वच्छ झालं, मग अर्धा पेला, मग सगळाच. मिनिटसुद्धा लागलं नाही. हवा होती ती. नळीतल्या दाबाखाली पाण्यात दडून बसलेली हवा तोटीशी सुटते, तिचे बारीक बुडबुडे होतात आणि वर निघून जातात. माती असती तर उलटं झालं असतं, ती खाली बसली असती आणि पाणी वरून निवळलं असतं.

एवढं सगळं मला ठाऊक आहे. तरी मी पेला उजेडात धरते. धरल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नाही.

ही खोड घरात एकवेळ खपते, दुसऱ्याकडे नाही. यजमानीण पाणी आणून देते आणि पाहुणी तो पेला ट्यूबलाइटकडे उचलून एक डोळा बारीक करते, हे दृश्य काही शोभेचं नाही. "आमच्याकडे फिल्टर आहे हो," असं एकदा ऐकून घेतलंय. तेव्हापासून मी दिव्याजवळची खुर्ची पकडते आणि बोलता बोलता पेला सहज उंच धरल्यासारखं करते. लेक म्हणते, ते जास्त वाईट दिसतं.

खोड आजीची. गाव लहान होतं, नळ सकाळी तास-दीड तास यायचा आणि येण्याआधी खोकायचा. आधी नुसती हवा, मग एक उचकी, मग तांबूस पाण्याची पिचकारी. ते पहिलं पाणी आजी भरू द्यायची नाही. "रात्रभर नळात झोपलेलं पाणी आहे ते, झाडांना घाल." झोपलेल्या पाण्याला काय होतं हे तिला विचारायची सोय नव्हती. पुढे कळलं की पाणी बंद झालं की नळीतला दाब जातो, कधी कधी आत ओढही निर्माण होते, आणि जिथे सांधा गळका असेल तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. भरलेली नळी बाहेर गळते, रिकामी नळी आत गळते. शेजारून गटार जात असेल तर पुढचं सांगायला नको. आजीने यातलं काहीही वाचलं नव्हतं. पण पहिली बादली झाडांनाच जायची.

मग तुरटी. हे काम माझं आणि ते मी कुणाला देत नसे. खडा मुठीत धरायचा, हात कोपरापर्यंत बादलीत, आणि पाच-सहा फेऱ्या. सातवी फेरी मारली की आजीला स्वयंपाकघरातून कळायचं, कसं ते देव जाणे. "पुरे! तुरट होईल." त्यानंतर बादलीला कुणी हात लावायचा नाही, शेजारून धावायचंसुद्धा नाही. मी उकिडवी बसून बघत राहायचे. पाण्यात आधी काहीच नसायचं, नुसता मळकटपणा. मग कुठून तरी कापसाच्या तंतूसारखे पुंजके दिसू लागायचे, एकमेकांना चिकटायचे, जड व्हायचे आणि डुलत डुलत खाली जायचे. मातीचे बारीक कण एकाच जातीचा विद्युतभार घेऊन हिंडत असतात, म्हणून एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. तुरटी तो भार मारते आणि त्यांचं भांडण मिटतं. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतही हेच चालतं, फक्त बादलीऐवजी हौद असतात आणि 'पुरे' म्हणायला आजी नसते. माझ्या आयुष्यात वाट बघण्याचा तेवढा एकच प्रकार असा होता की ज्याचा कंटाळा आला नाही. आता तुरटीचा खडा घरात शोधूनही सापडत नाही, आणि सापडला तरी बादलीशेजारी अर्धा तास उकिडवं बसायला गुडघे तयार नाहीत.

वरचं पाणी हलक्या हाताने काढून घेतलं की आजी पेला भरायची, दाराच्या उजेडात धरायची. "लख्ख आहे. पी."

लख्ख म्हणजे चांगलं. आमच्या घरात यावर दुमत नव्हतं.

वासाचं मात्र वाकडं होतं. पावसाळा लागला की पाण्याला औषधाचा वास यायचा. टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, जास्त पडली की पेला तोंडाशी नेताच नाकात झिणझिण्या. आजी तो पेला हातभर लांब ठेवायची. आणि अशाच दिवसांत पाणीवाले काका यायचे. टाकीवर कामाला होते ते. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत काचेच्या दोन नळ्या आणि एक छोटी बाटली. आमच्या नळाचं पाणी ते नळीत घ्यायचे, बाटलीतले थेंब टाकायचे आणि हलवायचे. पाणी पिवळं झालं की त्यांचा चेहरा खुलायचा. मला ती जादू वाटायची आणि आजीला उर्मटपणा.

"पिवळं झालं म्हणून हसतोस काय? पाणी आहे की दवाखाना?"

"आजी, औषध आहे म्हणून तर पिवळं झालं. न होणं वाईट."

"अरे, लहान लेकरं पितात हे. वास बघ."

गल्लीतल्या दोघी-तिघी मग आपापल्या दारातून आजीच्या बाजूने बोलायच्या. काका नळी धुऊन पिशवीत ठेवायचे, वहीत आकडा लिहायचे आणि सायकलवर टांग टाकता टाकता म्हणायचे, "बरं, बघतो. करतो कमी." दोन दिवसांनी वास गेलेला असायचा. आजी पाण्याचा घोट घेऊन विजयी मुद्रेने आजूबाजूला बघायची. त्यांनी खरंच औषध कमी केलं होतं की पाऊस ओसरला होता, मला माहीत नाही. तेव्हा मात्र सगळ्या गल्लीला वाटायचं की आपण एक लढाई जिंकली.

लख्ख दिसणं, गोड लागणं आणि वास नसणं. पाण्याची परीक्षा घ्यायला माणसाकडे डोळा, जीभ आणि नाक एवढंच आहे, आणि खरं सांगायचं तर तिन्ही साक्षीदार फुटलेले. पाण्याचा गढूळपणा एनटीयू नावाच्या मापात मोजतात. ते माप साधारण ४च्या पुढे गेलं की मग डोळ्याला काही जाणवतं, त्याखालचं सगळंच पाणी लख्ख. जिवाणू मोजायला तर डोळा मुळात नेमलेलाच नाही. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या सार्वजनिक पंपाच्या पाण्याने शेकडो माणसं गेली, ते पाणी चवीसाठी नावाजलेलं होतं. तिथून हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई जुन्या पंपाची चव विसरेना, म्हणून रोज गाडीतून त्याचंच पाणी मागवायची. ती गेली. तिच्याकडे आलेली भाचीही ते प्यायली आणि गेली. साथीचा माग काढणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांनी पंपाचा दांडा काढायला लावला ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण मला ती हॅम्पस्टेडची बाई आठवते. तिनेही पेला उजेडात धरला असेल.

अमेरिकेत शहराच्या पाण्यात रोजच्या रोज औषध टाकायला सुरुवात झाली तीही गुपचूपच. जर्सी सिटीच्या पाण्यात १९०८च्या सप्टेंबरात डॉ. जॉन लील यांनी ब्लीचिंग पावडर सोडली, लोकांना न विचारता, न सांगता. पाण्याच्या शुद्धतेवरून शहर आणि पाणी कंपनी यांचं प्रकरण कोर्टात होतंच. हे पाणी स्वतःच्या बायकामुलांना पाजाल का, असं तिथे त्यांना विचारलं गेलं, तेव्हा ते बिनदिक्कत हो म्हणाले. आजी त्या कोर्टात असती तर खटला लांबला असता.

यावर मी हसत असे. पुढे वॉकरटनबद्दल वाचलं आणि हसणं जरा अडकलं.

वॉकरटन कॅनडातलं लहानसं गाव, पाच हजारांच्या आतबाहेरची वस्ती. मे २०००मध्ये जोराचा पाऊस झाला, शेतातलं शेण वाहून एका उथळ विहिरीत उतरलं आणि तिथून नळांत. ई. कोलाय नावाचे जिवाणू. २३०० पेक्षा जास्त लोक आजारी पडले, ७ जण गेले. चौकशी झाली तेव्हा पाणीपुरवठ्याच्या रोजच्या नोंदी उघडल्या. क्लोरीनचा आकडा दिवसामागून दिवस तोच, ०.५ नाही तर ०.७५. मोजलेले आकडे नव्हते ते, नुसते लिहिलेले होते. पाणी सांभाळणारी माणसं दुष्ट होती असंही नाही, विहिरीचं पाणी चांगलंच आहे अशी त्यांची खात्री होती. औषध न टाकलेलं पाणी ते स्वतः प्यायचे. आणि औषध कमी का टाकायचे, याचं एक कारण चौकशीत आलं: गावातले लोक वासाची तक्रार करायचे.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. मला एकदम आमची गल्ली दिसली, दारादारांत उभ्या बायका, आणि सायकलवर टांग टाकणारे काका. "बरं, बघतो. करतो कमी."

आमच्या गावात काही झालं नाही. म्हणजे, झालं असं कुणी म्हणालं नाही. पावसाळ्यात पोटं बिघडायची, घराघरात एखादं पोर झोपून असायचं, पण ते पावसाळ्यामुळे असं आम्ही धरून चाललो होतो. पाणी तर लख्ख होतं. काकांच्या वहीतले आकडे कसे होते, रोज वेगळे की रोज तेच, हे कुणी कधी बघितलं नाही. मी त्या नळीतल्या पिवळ्या रंगाकडे बघायचे, वहीकडे नाही. दर वेळी पाणी पिवळं झालं होतं का, हेही आता नेमकं आठवत नाही.

पेला अजून माझ्या हातात होता. पाणी आता इतकं स्वच्छ झालं होतं की पलीकडच्या खिडकीचे गज उलटे-सुलटे होऊन त्यात दिसत होते. मी पेला नाकाशी नेला. मग नळ पुन्हा सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि वाकून हुंगलं.

"आई, आता काय झालं?" लेक दारातून म्हणाली. "लख्ख आहे ना?"

"लख्ख आहे गं. वास येत नाहीये."

"मग चांगलंय की."

मी मोठं पातेलं काढलं आणि गॅसवर चढवलं.