नागफणीवरून गाडी बघताना

पावसाळा ओसरल्यावर एका रविवारी पहाटे बाबांना घेऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून नागफणीचा डोंगर चढले. वाट सोपी आहे, फक्त शेवटचा कातळ ओला असला की हात टेकावे लागतात. बाबा सत्तरीचे, तरी माझ्या पुढे. वरच्या महादेवाच्या देवळाजवळ बसलो. खाली एक्स्प्रेसवेची घरघर चालली होती, तिच्याकडे आम्ही फारसं लक्ष दिलं नाही.

आम्ही आलो होतो बोरघाटातली गाडी बघायला. हा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ ३७ फुटांना एक फूट! म्हणून वर येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जास्तीची इंजिनं जोडतात, लोणावळ्याला काढतात. लहानपणी ती जोडताना बसणारा हलका धक्का म्हणजे माझ्यासाठी वडा खायची वेळ. वरून हे सगळं कसं दिसतं, ते मात्र कधी पाहिलंच नव्हतं.

"ऐक," बाबा म्हणाले. आधी भोंगा आला, बऱ्याच वेळाने समोरच्या डोंगराच्या कडेला डब्यांची बारीक रेघ. पुढचे डबे बोगद्यात शिरले, मागचे अजून उन्हात. शेवटी ढकलणारी इंजिनं दिसली तेव्हा बाबांनी माझा दंड घट्ट धरला. तीस वर्षं याच मार्गाने पुणे-मुंबई करत होते ते, रोज आतून.

थर्मासमधला चहा ओतायचा राहून गेला. पुढच्या गाडीपर्यंत थांबूया, असं तेच म्हणाले.