सुपरमॉडेल कोणाला म्हणायचं?

आजकाल रॅम्पवर दोनदा चालली की लगेच सुपरमॉडेल, असं झालंय राव. हा शब्द तसा जुनाच, पण गाजला १९९० च्या आसपास. त्या वर्षी जानेवारीत ब्रिटिश व्होग या फॅशन मासिकाच्या कव्हरवर नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, सिंडी क्रॉफर्ड, ख्रिस्टी टर्लिंग्टन आणि तात्याना पाटित्झ एकत्र आल्या, फोटो पीटर लिंडबर्गचा, साधा ब्लॅक अँड व्हाइट. दहा हजार डॉलरपेक्षा कमी असतील तर आम्ही झोपेतून उठतपण नाही, असं लिंडा त्याच वर्षी म्हणाली होती (माज म्हणा, पण तेवढी किंमत होतीच ना!). माझ्या मते कपड्याआधी जिचं नाव लोकांना आठवतं तीच सुपरमॉडेल, बाकीच्या मॉडेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फॉलोअर्स मोजून हे ठरवणं मला तरी पटत नाही.