शेतकऱ्यांची नावं पडद्यावर नीट दिसावीत म्हणून: आमची वाटचाल

पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संकलन केंद्रं, खतांची दुकानं हे आमचं गिऱ्हाईक. इचलकरंजीत आम्ही आधी हिशेबाची सॉफ्टवेअर बसवून द्यायचो. पण प्रत्येक संस्थेला पडदा आपल्या पसंतीचा हवा असतो: आपलं बोधचिन्ह, आपले रंग, मेनू मराठीत. म्हणून थीम, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्याचं रंगरूप, करून द्यायला लागलो. रंगांचं काम एका बैठकीत उरकतं, वेळ जातो तो अक्षरांत, हे लवकरच लक्षात आलं. आता आमच्याकडे बहुतेक काम येतं ते अक्षरांच्या तक्रारींचंच.

सगळ्यात जास्त तक्रार ‘ऱ्य’ची. एका सोसायटीच्या पडद्यावर ‘शेतकऱ्यांची यादी’ असं मथळ्यात हवं होतं आणि दिसत होतं ‘शेतकर्यांची यादी’. सचिवांना ते सहन होईना, आणि त्यांचं बरोबरच होतं. हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. बरीच सॉफ्टवेअर मजकूर ‘साफ’ करताना हे न दिसणारं चिन्ह काढून टाकतात आणि ऱ्यचा र्य होतो. फॉन्ट बदलून काही उपयोग नसतो, कारण मजकूरच बदललेला असतो. शिवाय दोन ऑपरेटरांनी दोन पद्धतींनी टाइप केलं तर ‘कुऱ्हाडे’ आडनावाचा सभासद यादीत दिसतो पण शोधलं की सापडत नाही. आम्ही साठवतानाच सगळं ऱ-हलन्त या एका रूपात आणतो. सभासदाला स्वतःचं खातं सापडायला हवं, यात तडजोड नाही.

जुन्या फॉन्टांतला डेटा हे वेगळंच प्रकरण. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत. देवनागरी १९९१ सालच्या युनिकोडमध्ये होतीच, पण कार्यालयांत ती रुळायला बरीच वर्षं गेली. तोवर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांनी मराठी छपाई सांभाळली. त्यांच्यात मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. म्हणून नव्या थीममध्ये फॉन्ट बदलला की अख्खी सभासद यादी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची होऊन बसते. रूपांतर करायचं तर क्रमही फिरवावा लागतो. ‘निर्मला’मधली वेलांटी तिथे न-च्या आधी आणि रफार म-च्या नंतर; युनिकोडमध्ये वेलांटी न-च्या नंतर येते आणि र्‌ म-च्या आधी. रूपांतर झाल्यावर आम्ही यादी छापून संस्थेच्या जुन्या कारकुनाकडे देतो. गावातली आडनावं त्यांच्याइतकी कुणालाच पाठ नसतात.

थीममधले बाकीचे बिघाड बहुतेक रोमन अक्षरांच्या मापामुळे होतात. ओळीची उंची ठरवून टाकलेली असते, मग ‘कुंभार’चा उकार खालून कापला जातो आणि अनुस्वार वरून. अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ओळ आम्ही ठेवतो. बटणांची उंची पिक्सेलमध्ये बांधत नाही, ती मजकुरावर सोडतो. नाहीतर कुणी पडदा १२५ टक्क्यांवर नेला की ‘जमा करा’चं खालचं अंग गायब. मथळ्यातल्या अक्षरांत जागा सोडायची फॅशन इंग्रजीत शोभते, मराठीत तिनं शिरोरेघ तुटते. ठळक अक्षरांची फाइल सोबत दिली नसेल तर संगणक साध्या अक्षरांनाच फुगवतो, आणि ‘महाराष्ट्र’मधला ष्ट्र काळा ठिपका होतो.

फॉन्टची फाइल हलकी करण्याचा मोह तर फार महाग पडतो. वेगासाठी फक्त मूळ अक्षरं ठेवून बाकीची छाटली, की जोडाक्षरांचे आकार आणि ते जुळवायचे नियमही जातात. मग क्ष, ज्ञ, त्र सुटे होऊन मध्ये हलन्त उघडा पडतो. आम्ही फॉन्ट पूर्ण देतो, आणि सॉफ्टवेअरसोबतच देतो. ‘गिऱ्हाइकाकडे असेलच’ असं धरून चालत नाही, कारण फॉन्ट सापडला नाही की संगणक दुसराच घेतो आणि रुंदी बदलून सगळे रकाने सरकतात. मुक्त आणि नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे ते असे बिनदिक्कत देता येतात. ल आणि श यांच्याकडेही आमचं लक्ष असतं. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं आपोआप येतात. एवढी एक नोंद करायचा कंटाळा करू नये असं मला मनापासून वाटतं.

दूध संकलनाच्या पावतीनं आम्हाला बरंच शिकवलं. छोट्या थर्मल प्रिंटरच्या ५८ मिलिमीटर कागदावर एका ओळीत ३८४ ठिपके मावतात, आणि त्याच्या स्वतःच्या अक्षरसंचात सहसा देवनागरी नसते. म्हणून आम्ही पावती चित्र म्हणून पाठवतो. बारीक वजनाचा फॉन्ट तिथे चालत नाही, रेघा मधेच तुटतात. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक), दर हे आकडे समान रुंदीचे घ्यावे लागतात. पहाटे कमी उजेडात शेतकरी ती पावती वाचतो, त्यामुळे आकडा ठसठशीत हवा.

या सगळ्यातून आम्ही तपासणीची एक यादी केली आहे. वऱ्हाडे, कुंभार, निर्मला, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, शिवशंकर, ॲडव्हान्स असे शब्द त्यात आहेत. यातला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या संगणकांवर तिथे चौकोन दिसतो. कोणतीही थीम आधी संस्थेतल्या सर्वांत जुन्या संगणकावर या यादीसकट उघडतो, मग रंगांचं बोलतो. संकलन केंद्रांच्या मोबाइलसाठी सध्या याच यादीत भर घालतोय. आपल्या गावातली अवघड आडनावं कुणी पाठवली तर तीही घेऊ.