वालुकाश्माला हात लावला

वाईजवळच्या एका शाळेत मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. खडकांचे प्रकार हा धडा दरवर्षी यायचा. अग्निजन्य खडक शिकवायला कधीच अडचण आली नाही. मुलांना व्हरांड्यात आणायचं आणि पसरणीच्या घाटाकडे बोट दाखवायचं. कृष्णेचे घाट, घरांची जोती, जातं, पाटा-वरवंटा सगळा तोच काळा बसाल्ट. गाळाच्या खडकांची वेळ आली की मात्र कपाटातून नमुन्यांची पेटी काढायची. तिच्यात वालुकाश्माचा सुपारीएवढा एक तुकडा होता. तो पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात फिरून परत पेटीत जायचा. माझ्या विद्यार्थ्यांचा वालुकाश्म तेवढाच, आणि माझाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलीकडे गेलो. ती लास वेगासला लागून असलेल्या हेंडरसनमध्ये राहते. लास वेगास म्हटलं की लोकांना दिव्यांचा झगमगाट आठवतो. तोही आम्ही एका संध्याकाळी पाहिला. पण मला पहिल्या दिवसापासून ओढ होती ती शहराच्या चारी बाजूंना दिसणाऱ्या उघड्या डोंगरांची. सह्याद्रीतला डोंगर वर्षातले चार महिने तरी हिरवा पांघरलेला असतो. इथले डोंगर बारा महिने उघडे, एकेक थर मोजून घ्यावा असे. लास वेगास या नावाचा स्पॅनिशमधला अर्थ 'कुरणं'. इथे झरे होते आणि त्यांच्या काठाने गवत होतं, म्हणून ते नाव पडलं. आज इथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो.

पहिली सहल रेड रॉक कॅनियनची. शहराच्या मुख्य रस्त्यापासून पश्चिमेला २७ किलोमीटर, म्हणजे वाईहून महाबळेश्वरला जावं त्याहूनही जवळ. निवांत आवरून साडेदहाला पोचलो आणि फाटकावरूनच परतलो. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच आत जायचं तर वेळेचं आरक्षण आधी करावं लागतं, आणि त्या दिवसाचं संपलेलं होतं. चूक आमचीच. दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो आणि आठच्या आत फाटक ओलांडलं. जाणार असाल तर असंच करा, आरक्षण मिळालं तरी. सकाळचं पहिलं ऊन त्या खडकांवर पडताना बघायला हवं. आधी सगळं करडं असतं, मग माथ्यावर एक गुलाबी रेघ उमटते, आणि चहाचा कप संपेपर्यंत अख्खी टेकडी पेटल्यासारखी लाल होते.

आत २१ किलोमीटरचा एकेरी रस्ता आहे. पहिल्याच थांब्यावर, कॅलिको हिल्सपाशी, मी उतरले आणि सरळ खडकाकडे गेले. हात लावला. पेटीतल्या तुकड्याला कधी जाणवला नव्हता असा खरखरीतपणा होता, बारीक पॉलिश पेपरसारखा. अंगठा थोडा दाबून फिरवला तर बोटाला वाळूचे चार-पाच कण लागले. गुलाबी, गोल, एकसारखे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, हे कण वाऱ्याबरोबर उडत होते. तेव्हा इथे वाळूच्या टेकड्यांचा समुद्र होता. टेकड्यांवर टेकड्या चढल्या, खालची वाळू दबली, पाण्यातल्या क्षारांनी कणाला कण चिकटला आणि तिचा दगड झाला. लोहाचा अंश गंजला म्हणून तांबडा रंग आला. टेकडीच्या ज्या उतारावरून वाळू घसरली त्या उताराच्या तिरप्या रेघा अजून तशाच आहेत. त्या रेघांवरून तेव्हाचा वारा कुठून कुठे वाहत होता तेही सांगता येतं. मी फळ्यावर अशा तिरप्या रेघा कितीदा काढल्या असतील! डोळे भरून आले. आमचे हे मागून म्हणाले, "बस की जरा खाली." तिथेच दगडावर टेकले.

त्या दिवशी सुळक्यांवर गिर्यारोहक फारसे दिसले नाहीत. एरवी ही जागा त्यांची पंढरीच. पण पाऊस होऊन गेला होता. मुलीने सांगितलं की ओला वालुकाश्म ठिसूळ होतो, वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, हाताखालची कपार सुटून येते. म्हणून इथली मंडळी पावसानंतर एक-दोन दिवस, कधी जास्तही, खडकाला हात लावत नाहीत. दगडाची काळजी घेणारी ही रीत मला फार आवडली.

पण रेड रॉकचं खरं आश्चर्य आणखी पुढे आहे. तांबड्या कड्यांच्या वर करड्या रंगाचा डोंगर बसलेला दिसतो. तो चुनखडक. त्याचं वय सुमारे ५० कोटी वर्षं. खाली १८ कोटींचा, वर ५० कोटींचा! गाळाच्या खडकांचा पहिला नियम काय, तर जुना थर खाली, नवा वर. इथे आजोबा नातवाच्या खांद्यावर बसलेत. भूकवचावर आडवा दाब पडला, खडक तुटला आणि समुद्रतळाचा तो जुना चुनखडक सरकत सरकत नव्या वालुकाश्मावर चढला. या प्रस्तरभंगाला कीस्टोन थ्रस्ट म्हणतात. हे घडलं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. माहितीफलकावर तो आकडा दिसला आणि मी थबकलेच. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हाचे पूर एकावर एक पसरत होते, ज्यांचा पुढे पसरणीचा घाट झाला.

नात नऊ वर्षांची आहे. तिला थरांपेक्षा जोशुआ ट्रीचं कौतुक जास्त. पानांच्या टोकांना सुया, फांद्या वर उचललेल्या हातांसारख्या. या झाडाचं परागीभवन युक्का मॉथ नावाचा एक लहानसा पतंगच करतो. मादी स्वतः पराग गोळा करून दुसऱ्या फुलात नेऊन भरते आणि तिथेच अंडी घालते. अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या झाडाला मिळतात. पतंग नसेल तर बी नाही, झाड नसेल तर पतंग नाही.

मधे एक दिवस हूवर धरण पाहिलं. १९३५ साली लोकार्पण झालेलं, २२१ मीटर उंच. भव्य आहे, पण माझं लक्ष जलाशयाच्या काठच्या खडकांवर होतं. पाणी जिथवर उतरलंय तिथवर पांढरा पट्टा उमटलाय. तो बघून पुढचं फारसं बघावंसं वाटलं नाही.

व्हॅली ऑफ फायर ईशान्येला, साधारण ८० किलोमीटरवर. इथेही तोच वालुकाश्म, पण इथे तो डोंगर होऊन उभा राहिलेला नाही. वाऱ्या-पाण्याने कोरलेल्या मऊ, गोल गोल ढिगाऱ्यांत पसरलाय. तांबडा आहेच, शिवाय गुलाबी, पिवळा, पांढरा आणि मधूनच जांभळट. पाणी खडकातून झिरपताना जिथून लोह धुऊन नेतं तिथे रंग फिका पडतो, जिथे नेऊन टाकतं तिथे गडद होतो. एवढा लाल दगड मी आधी एकाच ठिकाणी पाहिला होता, आमच्या कमळगडावरच्या कावेच्या विहिरीत. पायऱ्या उतरून तिच्या पोटात गेलं की भिंती लालभडक गेरूच्या, हात लावला की बोटं रंगतात. पण ती एक फट. इथे अख्खं खोरं!

फायर वेव्ह म्हणून जागा आहे, जाऊन-येऊन अडीच किलोमीटरची वाट. तिथे जमिनीवरच लाल-पांढरे पट्टे लाटांसारखे वळत जातात. फोटो सगळे तिचेच काढतात. मला मात्र अ‍ॅटलाटल रॉक जास्त भावला. एका उंच खडकाला लोखंडी जिना लावलाय. आमचे हे गुडघ्यांमुळे खाली थांबले, मी आणि नात वर गेलो. वर खडकाचा पृष्ठभाग काळसर आहे. हजारो वर्षांत लोह आणि मँगनीजचा पातळ थर त्याच्यावर चढतो. तो टोचून काढला की आतला फिका दगड दिसतो. जुन्या माणसांनी अशी चित्रं टोचली आहेत: मोठ्या वळणदार शिंगांचे मेंढे, माणसं, शिडीसारखी आकृती, आणि अ‍ॅटलाटल. अ‍ॅटलाटल म्हणजे भाला लांब फेकायची दांडी, धनुष्यबाणाच्याही आधीची. नातीने विचारलं, "आजी, हे मेंढे त्यांनी का काढले?" मी म्हटलं, "मला नाही गं माहीत. पण बघ, शिंगांचं वळण किती बरोबर आहे." परतताना रस्त्याच्या कडेला खरेखुरे बिगहॉर्न मेंढे दिसले, पाच जण. वळण बरोबर होतं.

दुपारी माऊसेस टँकपर्यंत चाललो. वाट सगळी मऊ लाल वाळूची, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पुन्हा चित्रं. शेवटी खडकात एक खोलगट बशी आहे. पावसाचं पाणी तिच्यात साठतं आणि पुढे कितीतरी दिवस टिकतं. १८९० च्या दशकात माऊस नावाचा पायूट जमातीचा एक फरारी माणूस या भागात लपून राहिला, असं सांगतात. पाणी म्हणजे हे एवढंच. मी वाकून पाहिलं आणि पांडवगडावरची टाकी आठवली. तिथे माणसांनी छिन्नीने खोदलेली, इथे पाण्याने आणि वाऱ्याने. सावलीत बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा घेतला. उन्हाळ्यात इथल्या बऱ्याच पायवाटा उष्म्यामुळे बंदच ठेवतात. डिसेंबर ते मार्च हाच इथे यायचा काळ.

डेथ व्हॅली मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. जायला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. पॅरम्प गाव मागे पडलं की फोनची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या, टाकी भरून घ्या आणि माणशी चार-पाच लिटर पाणी ठेवा. १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. पृथ्वीवरच्या नोंदींमध्ये सर्वांत जास्त म्हणून तोच आकडा मी मुलांकडून पाठ करून घ्यायची.

झब्रिस्की पॉइंटवर दहा-पंधरा मिनिटं थांबलो. जुन्या तळ्यातल्या पिवळ्या गाळाच्या सुरकुत्या पडलेल्या, घडी घातलेल्या धोतरासारख्या. याच दरीतून १८८० च्या दशकात बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, खेचरांच्या लांबलचक गाड्यांनी २६५ किलोमीटरवरच्या रेल्वेपर्यंत जायचा. डाग देताना आमचे सोनार चिमूटभर वापरतात तोच.

मग बॅडवॉटर. समुद्रसपाटीच्या खाली ८६ मीटर, उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जागा. एका मोजणीदाराच्या खेचराने तोंड लावायला नकार दिला म्हणून झऱ्याला हे नाव पडलं, अशी गोष्ट आहे. गाडीतून उतरून मागच्या कड्याकडे मान वर केली तर खूप उंचावर एक लहानशी पाटी दिसते: समुद्रसपाटी. सुमारे अठ्ठावीस मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवर समुद्र आहे आणि आपण तळाशी उभे आहोत.

एरवी इथे मिठाचं पांढरं मैदान असतं. आम्ही गेलो तेव्हा तिथे तळं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने एका दिवसात जवळजवळ वर्षाचा पाऊस ओतला. वर्षाचा म्हणजे किती, तर सुमारे ५० मिलिमीटर. महाबळेश्वरला आषाढात एवढा तर कधी तासाभरात पडतो. या खोऱ्यातून पाणी बाहेर जायला वाटच नाही. ते सगळं तळाशी गोळा झालं, फेब्रुवारीत पुन्हा पाऊस झाला, आणि हिमयुगात इथे असलेलं मॅनली तळं परत दिसायला लागलं. मैलोनमैल पसरलेलं, खोली मात्र फुटाची. कुणी कयाक घेऊन आले होते. बाकीचे सगळे चपला हातात घेऊन पाण्यात चालत होते, आणि कोण जाणे का, सगळे हळू आवाजात बोलत होते.

समोर पॅनमिंट रांग, तिचं ३३६८ मीटर उंच टेलिस्कोप शिखर बर्फाने पांढरं, आणि तेच शिखर पायाशी पाण्यात उलटं. पुढे फेब्रुवारी संपता संपता वादळी वारे आले आणि तळं पसरून उथळ झालं. आमच्या वाट्याला ते आलं होतं.

नातीने विचारलं, "आजी, एवढा उंच डोंगर आहे, बर्फ आहे, मग इथे पाऊस का नाही पडत?"

या प्रश्नासाठी मी ३१ वर्षं फळ्यावर एक त्रिकोण काढला. डावीकडे समुद्र, वर ढग, उजवीकडे वाईचं नाव. महाबळेश्वरला ६००० मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत त्याचा लहानसा वाटा, कारण वाई पर्जन्यछायेत. इथे खडू नको होता. घोटाभर पाण्यात उभी राहून मी तिला हाताने दाखवलं: तिकडे पश्चिमेला पॅसिफिक. तिथून बाष्प निघतं. आधी सिएरा नेवाडा त्याला अडवतो, मग आणखी रांगा, आणि शेवटी हा समोरचा पॅनमिंट. प्रत्येक जण आपापला वाटा काढून घेतो. आपण उभे आहोत ते शेवटच्या सावलीत.

ती डोंगराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वाईसारखंच?"

"वाईसारखंच. फक्त चार महाबळेश्वरं ओळीने."

ऊन उतरायला लागल्यावर बाहेर आलो. गाडीच्या दारात बसून पाय पुसायला लागले तोवर पाणी सुकलं होतं. घोट्यांवर, बोटांच्या बेचक्यांत मिठाचा पांढरा थर बसला होता, कडक आणि चुरचुरीत. नातीने स्वतःच्या पायावरचा कण जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं.