राजूचा पाऊस

मृग कोरडा गेला आणि ढग नुसते जमून पांगायला लागले की मला 'गाईड' सिनेमा आठवतो. सगळा नाही, शेवटचा भाग. गाणी होऊन गेलेली, राजू झालेल्या देव आनंदच्या केसांचा तो कोंबडा मोडलेला, अंगावर शाल, आणि अख्खं गाव आभाळाकडे तोंड करून बसलेलं.

आम्ही दुष्काळी माणदेशातले, त्यामुळे त्या गावकऱ्यांचा अभिनय आम्हाला अभिनय वाटलाच नाही. गावात एक टीव्ही, त्याच्यापुढे शंभर माणसं. राजूची आई दिसली तेव्हा आजी खूश, "ही आपली लीला चिटणीस!" पावसासाठी राजूनं केलेल्या बारा दिवसांच्या उपासानंतर पडद्यावर धो धो कोसळायला लागलं तेव्हा अंगणात टाळ्या. आजी मात्र म्हणाली, "टँकर आनला आसंल." तरी उठताना तिनं हात पागोळीखाली धरून बघितला, हे मी पाहिलंय. पागोळी अर्थातच कोरडी होती.

कॉलेजात गेल्यावर आर. के. नारायण यांची 1958 सालची मूळ इंग्रजी कादंबरी वाचली. तिथला राजू मला जास्त जवळचा वाटला. साधू म्हणून देवळात बसलाय आणि जीव अडकलाय बोंड्यात! उपासही गळ्यात पडतो तो निरोप्याच्या घोटाळ्यानं. गावात मारामारी थांबेपर्यंत जेवणार नाही, असं हा म्हणतो; पोरगं गावात सांगतं, पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत. पहिल्या दिवशी तर तो ठेवलेलं शिळंपाकं गुपचूप संपवतो. सिनेमातला राजू त्यामानानं फार लवकर थोर होतो.

पण शेवट? पुस्तकात राजू नदीच्या उरल्यासुरल्या पाण्यात उभा. दोघांनी धरलंय. डोंगरात पाऊस पडतोय, तो पायांतून वर चढतोय, असं म्हणतो आणि खाली बसकण मारतो. पाऊस आला का? राजू गेला का? नारायण काही सांगत नाहीत. सिनेमाचा दिग्दर्शक विजय आनंदनं 1965 साली दोन्ही उत्तरं देऊन टाकली. पाऊस आला, राजू गेला. नारायणांना सिनेमा पसंत पडला नाही. त्यांनी म्हैसूरच्या आसपासच्या जागा हिंडून दाखवल्या, आणि सिनेमावाली मंडळी कॅमेरा घेऊन गेली राजस्थानात! त्यांनी 'मिसगाइडेड गाइड' नावाचा खट्याळ लेख लिहून उट्टं काढलं.

जाणकार मित्र पुस्तकाच्या बाजूचे. मोघम सोडलेला शेवट त्यांना थोर वाटतो. वाटू दे, त्यांच्याकडे चोवीस तास नळ आहे. आमच्याकडे उघड्या पोराला लिंबाचा पाला गुंडाळून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरवायचे, आणि जिथं हंडाभर पाण्यासाठी मैलभर जावं लागे तिथल्या बाया त्याच्या डोक्यावर तांब्या ओतायच्या. त्यातली कुणीही विजय आनंदला नावं ठेवणार नाही.

परवा रात्री तो शेवट पुन्हा लावला. पाऊस सुरू झाला तसा आवाज वाढवला. आतून बायको ओरडली, "अहो, आला! गच्चीवरचे कपडे काढा आधी!"

मी गेलोसुद्धा.